चार्ज यादी

विषय क्रमांक चार:
सड्यावर कमी किरणोत्सारी कचऱ्यासाठी जागा ठरवणे.
आधीचे तीन विषय पथदिवे, घरपट्टी, मोकाट गुरं.
मी ग्रामसेविका. इतिवृत्त लिहिते.
त्यात हशा लिहायचा नसतो, खोकला लिहायचा नसतो,
कोण उठून गेलं तेवढं लिहायचं.

रेवती मॅडमनी शाळेच्या भिंतीवर,
बाराखडीच्या तक्त्यावरच, नकाशा लावला.
कचरा म्हणजे काय, तर हातमोजे, फडकी,
बुटांवर चढवायच्या पिशव्या, जुन्या गाळण्या.
सगळं पिंपात, पिंपं सिमेंटच्या खणांत,
वर चिकणमाती, वर गवत,
आणि राखण तीनशे वर्षं.

काजूच्या कारखान्यातली शेवंती मेस्त्री उठली,
डिंकानं काळी पडलेली बोटं पदराआड धरून:
"त्यांच्या मोज्यांका सिमेंटचा घर!
आमी काजी फोडतव,
आमका नुसते मोजे पण गावनत नाय."
हे मी लिहिलं नाही.
मॅडमनी लिहून घेतलं, स्वतःच्या वहीत.

तीनशे वर्षं.
माझ्या कपाटातलं सर्वात जुनं रजिस्टर एकसष्ट सालचं.
त्यातला जन्माचा भाग वाळवीनं नेला,
मृत्यूचा राहिला.
माझी बदली दर तीन वर्षांनी.
म्हणजे शंभर ग्रामसेविका.
हिशोब मांडीवर केला, कुणाला दिसू नये म्हणून.

इब्राहिम मुकादम म्हणाले, पाटी लावाल ती कसली?
पत्र्याची पाटी एका पावसात
कोंबड्यांच्या खुराड्यावर जाते.
दगडात कोरा, मागून कुणीतरी म्हणालं.
मग सगळे गप्प.
सड्यावर कोरलेलं आहेच की:
हात पसरलेला, डोकं नसलेला माणूस, शेजारी मासा.
तिथं गुरं बसवायची नाहीत, एवढं गाव पाळतं.
का,
ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

ठकूबाई झोरे शेवटच्या बाकावर,
धनगरवाड्यातून दोन तास उतरून आलेली.
नकाशा तिला उलटा दिसत होता की सुलटा, कळेना.
काठीचं टोक तिनं निळ्या चौकोनावर टेकलं.
"हय बीळ आसा. आमची शेळी पडलेली.
हयचा पाणी खालच्या झरीर येता.
माज्या सासऱ्यान कोंडो टाकून बगलेल्यान."
जांभा पाणी सोडतो, मॅडम म्हणाल्या,
पण कागदाप्रमाणे त्याला बरीच वर्षं लागतील.
"कागद उतारलो बिळात?"

सभा तहकूब.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कोंडा.

दीड पाटी भाताचा कोंडा बिळात ओतला.
मॅडमनी वर बाटलीभर हिरवा रंग, शास्त्राचा मान म्हणून.
मग झऱ्यावर पाळ्या लागल्या,
गाबीतवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी, धनगरवाडा,
दोन दोन माणसं, एक कंदील.
या चार वाड्या एका पाण्यापाशी
रात्रभर कधी बसल्या नव्हत्या.
हेही इतिवृत्तात बसत नाही.

अकराव्या सकाळी शेवंतीच्या मुलीच्या कळशीत
पाच-सहा फोलं तरंगली.
हिरवा रंग दुपारी आला, उशीर झालेल्या साहेबासारखा.

मॅडमनी खोडरबर मागितलं.
चौथीतल्या एकानं दिलं आणि उभा राहून परत घेतलं.
निळा चौकोन गेला. नवी जागा ठरली नाही.
गाव हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही.
"पुढची जागा शोधताना आधी आम्हाला न्या"
असा ठराव झाला,
सत्तेचाळीस विरुद्ध एकतीस,
आणि एकतीसांचं म्हणणं मी पूर्ण लिहिलं.

आज बदलीचा कागद आला.
नव्या माणसाला द्यायची यादी करते आहे:
लोखंडी कपाट एक.
किल्ल्या दोन, पैकी एक चालत नाही.
गोल शिक्का. नकाशा, खोडलेला.
झऱ्यावरची पाळी, चालू.
कोंडा, अर्धी पाटी.